साथीच्या दिवसांतली साठेबाजी आणि नफेखोरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या मार्चमध्ये मास्क आणि सॅनिटायझरवरून सुरू झालेले प्रश्न पुढे डाळ, तेल, ऑक्सिमीटर, इंजेक्शन असे सरकत गेले. साथ ओसरली, पण प्रश्न संपले नाहीत. डेंग्यूचा हंगाम आला की प्लेटलेट वाढतात या समजुतीने खाल्ल्या जाणाऱ्या किवीच्या भावावरून तेच विचारलं जातं. ग्राहक चळवळीत काम करताना जे पुन्हा पुन्हा कानावर येतं, त्याची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं मुख्यतः करोनाकाळातली आणि महाराष्ट्रातली.

घरात जास्तीचं सामान भरलं तर ती साठेबाजी होते का?

कायद्याने नाही. कायद्याला अभिप्रेत असलेली साठेबाजी व्यापाऱ्याची असते : विकायला आणलेला माल दडवायचा, गिऱ्हाइकाला 'संपला' म्हणून सांगायचं, भाव चढला की काढायचा, किंवा सरकारने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त साठा ठेवायचा. तुमच्या माळ्यावरच्या दहा किलो तांदळावर कुणी छापा घालणार नाही.

तरीही या उत्तराला दुसरी बाजू आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाउन जाहीर करणारं पंतप्रधानांचं भाषण संपतं न संपतं तोच लोक पिशव्या घेऊन खाली उतरले. एका घराने एक किलोऐवजी पाच किलो तूरडाळ नेली तर फारसं बिघडत नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकाच रात्री तेच केलं की दुकानदाराचा पंधरवड्याचा माल दोन तासांत उठतो. मग तिसऱ्या दिवशी जो रिकाम्या हाताने परत जातो, तो रोज संध्याकाळी मजुरी हातात पडल्यावर पावशेर डाळ घेणारा असतो. त्याच्याकडे साठा करायला पैसेच नसतात.

म्हणून जास्तीची खरेदी टाळावी, हे खरं. पण घाबरून केलेली खरेदी आणि गोदामात दडवलेला माल यांना एकाच नावाने हाक मारू नये. तसं केलं की सोसायटीतली माणसं एकमेकांच्या पिशव्या मोजत बसतात आणि गोदामवाल्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मार्च २०२० मध्ये मास्क एकाएकी कुठे गेले?

एकाएकी गेले नव्हते. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला केरळात सापडला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने मास्कसकट सगळ्या संरक्षक साधनांची निर्यात थांबवली. ही बंदी जेमतेम आठवडाभर टिकली. ८ फेब्रुवारीला सर्जिकल मास्क आणि हातमोजे बाहेर पाठवायला पुन्हा मोकळीक मिळाली, २५ फेब्रुवारीला आणखी काही वस्तूंना. परदेशात मागणीला ऊत आला होता, तेव्हा माल तिकडे वळणं साहजिकच होतं. सर्जिकल मास्क आणि त्यांचं कापड यांची निर्यात पुन्हा थांबली ती १९ मार्चला. त्याआधी दहा दिवस, ९ मार्चला, पुण्यात रुग्ण सापडले होते. म्हणजे त्या दिवसांत मेडिकलवाला 'मास्क नाहीत' म्हणत होता तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत होता असं नाही.

१३ मार्चला दोन पदरी, तीन पदरी आणि एन-९५ मास्क, तसंच सॅनिटायझर, हे सगळं ३० जूनपर्यंत जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या यादीत घालण्यात आलं. २१ मार्चला भाव बांधले गेले. १२ फेब्रुवारीला जो भाव होता त्याहून जास्त नाही, आणि काही झालं तरी दोन पदरी मास्क ८ रुपयांच्या आणि तीन पदरी १० रुपयांच्या वर नाही. सॅनिटायझरची २०० मिलिलिटरची बाटली फार तर १०० रुपये.

लगेच छापे सुरू झाले. त्याच आठवड्यात मुंबई पोलिसांनी सुमारे २५ लाख मास्क पकडले, किंमत १५ कोटींच्या आसपास सांगितली गेली. भागाकार करून बघा, नगाला साठ रुपये पडतात. त्यात एन-९५ होते हे धरलं तरी, ज्या आठवड्यात तीन पदरी मास्कला दहा रुपयांची मर्यादा लागली त्याच आठवड्यातला हा हिशेब आहे. आणि एवढा माल कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या फडताळात मावत नाही.

या तारखांमधून एक गोष्ट दिसते, पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती पुन्हा येईल. आपला कायदा संकट बघत नाही, वस्तू बघतो. वस्तू यादीत असेल, तिचा भाव छापलेला किंवा ठरवलेला असेल, तर अधिकाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. १२ मार्चला मास्कचा साठा करणाऱ्यावर या कायद्याखाली काहीच करता येत नव्हतं, १४ मार्चला येत होतं आणि १ जुलैला पुन्हा येत नव्हतं. जुलैत साथ कुठे गेली होती? उलट वाढत होती.

मी छापील किमतीलाच घेतलं, पण ती किंमतच आधीच्या तिप्पट होती. तक्रार होते का?

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. एमआरपी उत्पादक ठरवतो. वैधमापनशास्त्र विभाग, म्हणजे आपलं वजनमापे खातं, ती वाजवी आहे का हे तपासत नाही. पाकिटावर ती छापली आहे का, तिच्यापेक्षा जास्त कुणी घेतंय का आणि छापलेल्या आकड्यात खाडाखोड झाली आहे का, एवढंच ते बघतं. त्यामुळे १५० ची एमआरपी असलेल्या बाटलीचे १६० घेतले तर गुन्हा होतो. त्याच बाटलीवर कारखान्यातूनच ४५० छापून आलं आणि दुकानदाराने ४५० घेतले, तर नुसत्या एमआरपीच्या नियमाने कुणावरच काही चालत नाही.

औषधांना थोडं संरक्षण आहे. ज्यांच्या किमती सरकार बांधून देत नाही अशा औषधांचीही एमआरपी बारा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणंही या चौकटीत आली. पण ही दहा टक्के मोजायची ती आधीच्या एमआरपीवर. बाजारात नव्यानेच उतरलेल्या ब्रँडला आधीची किंमतच नसते. त्या वर्षी सॅनिटायझरचे किती ब्रँड कुठून कुठून उगवले ते आठवा, म्हणजे ही फट केवढी रुंद होती ते कळेल.

एन-९५ ची कथा याहून बोलकी आहे. २१ मार्चच्या आदेशात एन-९५ ला भाव लावलाच नव्हता. यादीत होता, पण किंमत मोकळी. पत्रकार सुचेता दलाल आणि कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने मे महिन्यात उत्पादकांना सरकारी आणि खासगी खरेदीचे भाव सारखे ठेवायला सांगितलं, पण कमाल किंमत काही ठरवली नाही. ती शेवटी ठरवली महाराष्ट्र सरकारने, २० ऑक्टोबर २०२० ला : प्रकारानुसार एन-९५ ला १९ ते ४९ रुपये, तीन पदरीला ४ आणि दोन पदरीला ३ रुपये. मार्चमध्ये केंद्राने ज्याची मर्यादा १० रुपये धरली होती तो तीन पदरी मास्क सात महिन्यांनी चार रुपयांत बसत होता. मधल्या काळात उत्पादन वाढलं होतं हे मान्य. पण 'कमाल किंमत' म्हणून जाहीर होणारा आकडा नेहमी ग्राहकाच्या बाजूचाच असतो, असं समजू नये.

तुमच्या हातात काय उरतं? पाकीट नीट बघणं. मूळ एमआरपीवर जास्त किमतीचं स्टिकर चिकटवलेलं असेल तर तो सरळ गुन्हा आहे. किंमत कमी करण्यासाठी स्टिकर लावता येतं, तेही मूळ आकडा झाकणार नाही अशा बेताने. करोनात आलेल्या तक्रारींत स्टिकरच्या तक्रारी निस्तरायला सोप्या होत्या, कारण पुरावा बाटलीवरच असायचा. ते स्टिकर घरी आणून सोलू नका, आहे तसाच फोटो काढा.

सुट्या मालाचं काय? कांदा, डाळ, फळं?

सुट्या मालाला एमआरपी नसते. डेंग्यूत किवी कितीला विकावी याला बंधन नाही, आणि खरं सांगायचं तर किवी न खाल्ल्याने काही अडतही नाही.

डाळ, तेल, कांदा यांची गोष्ट वेगळी. तिथे सरकार व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घालू शकतं. ५ जून २०२० च्या अध्यादेशाने, नंतर कायद्याने, ही सत्ता बरीच आवळली गेली होती. धान्य, डाळी, तेलबिया, खाद्यतेल, कांदा आणि बटाटा यांच्यावर नियंत्रण आणायचं ते फक्त युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ किंवा गंभीर नैसर्गिक आपत्तीत, असं ठरलं. साठामर्यादेसाठी तर कांद्यासारख्या मालाचा भाव दुप्पट आणि टिकाऊ मालाचा दीडपट व्हायला हवा होता. साथीचा रोग हे शब्द त्या यादीत नव्हते. ही दुरुस्ती ऐन साथीत झाली होती, तरी.

त्याच वर्षी तिची परीक्षाही झाली. २३ ऑक्टोबरला केंद्राने कांद्यावर साठामर्यादा घातली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन. त्यावर नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले. शहरातल्या ग्राहकाला ही व्यापाऱ्यांची मुजोरी वाटते, आणि काही अंशी ती असतेच. पण लिलाव बंद पडला की ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा राहतो तो शेतकरी. कांदा या यादीतून कायमचा काढा, ही शेतकरी चळवळीची जुनी मागणी आहे, आणि तिच्यात तथ्य आहे असं मला वाटतं. ग्राहकाला पंचवीस रुपयांचा कांदा हवा म्हणून लासलगावात दर वेळी पहिला घाव त्यानेच का सोसायचा? तूरडाळीचे मोठे आयातदार आणि कांदाचाळीत माल ठेवणारा शेतकरी यांना एकाच कायद्याने हाकता येत नाही.

पुढे जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही कृषी कायद्यांना स्थगिती दिली आणि वर्षाच्या शेवटी ते रद्द झाले. जीवनावश्यक वस्तू कायद्यातली ही दुरुस्ती त्या तिघांतलीच एक, तीही गेली. त्या मधल्या काळात, जुलै २०२१ मध्ये, मूग सोडून बाकी डाळींवर साठामर्यादा आली. तेलबिया आणि तेलावर ऑक्टोबरात.

दुकानदार म्हणतो, 'वरूनच महाग आलंय.' विश्वास ठेवायचा का?

पुष्कळदा खरं असतं. लॉकडाउनच्या सुरुवातीला ट्रक हद्दीवर अडकले होते, हमाल गावी निघून गेले होते. मे २०२० मध्ये तर माथाडी आणि व्यापाऱ्यांमध्ये लागण पसरल्याने वाशीची बाजार समिती ११ तारखेपासून आठवडाभर बंद होती. मुंबईचं पोट ज्या बाजारावर चालतं तोच बंद, तेव्हा भाव चढायला वेगळी साठेबाजी लागत नाही. गोव्यात मार्चच्या शेवटी काही दिवस किराणा दुकानंही उघडू दिली नव्हती. तिथे माल मिळेल का, हाच प्रश्न होता. भावाचं नंतर बघू.

एमआरपी असलेल्या मालावर मात्र 'वरून महाग' ही सबब चालत नाही. घाऊक व्यापाऱ्याने दुकानदारालाच एमआरपीच्या वर माल दिला असेल तर दुकानदाराने त्याच्याविरुद्ध तक्रार करावी. तो करत नाही, कारण उद्या त्याच्याकडूनच उधारीवर माल उचलायचा असतो. हे दुखणं खरं आहे.

सुट्या मालाचा खरा भाव कळायची एकच जागा आहे, दुकानदाराचं खरेदीचं बिल. ते तुम्हाला दाखवायला तो बांधलेला नाही, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दाखवावं लागतं. तोवर बाजार समितीचे रोजचे दर बघा, वर्तमानपत्रात येतात. घाऊक आणि किरकोळ भावातलं अंतर नेहमीपेक्षा फार वाढलेलं दिसलं तर विचारायला हरकत नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सरसकट चोर ठरवणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की त्या तीन महिन्यांत वस्त्यांमधल्या कित्येक घरांची चूल त्याच्या वहीतल्या उधारीवर पेटत होती. बँकेने ती दिली नव्हती.

बिल मागितलं तर 'मग माल नाही' म्हणतात. काय करायचं?

बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि भाव चढावा म्हणून माल दडवणं किंवा विकायला नकार देणं हेही त्याच कलमात बसतं. कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला.

व्यवहारात सांगायचं तर गरजेच्या वेळी कुणी वाद घालत बसत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, तसं निमूट पैसे देऊन येतात. तेव्हा निदान रोख देऊ नका. यूपीआयने दिले तर रक्कम, वेळ आणि दुकानाचं नाव फोनमध्ये राहतं. त्याबरोबर वस्तूचा फोटो ठेवा, ज्यात एमआरपी, बॅच नंबर आणि तारीख दिसते. कोऱ्या कागदावर लिहून दिलेलं कच्चं बिलही टाकू नका. पक्क्या बिलाइतकं त्याचं वजन नाही, पण ते काहीच नसण्यापेक्षा बरं.

तक्रार नेमकी कुठे करायची?

वस्तू काय आहे त्यावर ते ठरतं, आणि इथेच लोकांचा अर्धा जीव जातो.

पाकीटबंद वस्तूवर एमआरपीपेक्षा जास्त घेतले, खाडाखोड आहे, वजन कमी आहे : वैधमापनशास्त्र विभागाचं जिल्ह्यातलं कार्यालय. औषध, सॅनिटायझर, वैद्यकीय उपकरण, बनावट माल : अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८००-२२२-३६५. रेशन किंवा धान्याचा दडवलेला साठा : तहसीलमधली पुरवठा शाखा, मुंबईत शिधावाटप कार्यालय, फोन १९६७ किंवा १८००-२२-४९५०. कुठे जायचं हेच कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं.

तक्रारीत चार गोष्टी हव्यात : दुकानाचं नाव-पत्ता, वस्तू व बॅच, छापील आणि घेतलेली किंमत, तारीख-वेळ. 'आमच्या भागात फार लूट चालली आहे' या वाक्यावर कुठलाही निरीक्षक निघत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्या.

पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. साठ रुपयांसाठी कोण जातं, हे मला ठाऊक आहे. पण एकाच दुकानाच्या वीस ग्राहकांनी वजनमापे खात्याकडे वेगवेगळ्या वीस तक्रारी केल्या तर त्या फाइलकडे बघावंच लागतं. एका अर्जावर वीस सह्या केल्या तर ती एकच तक्रार धरली जाते.

साठेबाजाला शिक्षा किती होते?

जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ च्या आदेशाचा भंग केला तर कलम ७ खाली साधारणपणे तीन महिने ते सात वर्षं कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीसाठी थांबावं लागत नाही. जप्त माल कलम ६ए खाली जिल्हाधिकारी सरकारजमा करू शकतात. व्यापाऱ्याला बहुधा तुरुंगापेक्षा हेच जास्त झोंबतं. त्याशिवाय १९८० चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात खटल्याआधीच सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता होऊ शकते. महाराष्ट्रात घातक कृत्यं करणाऱ्यांना स्थानबद्ध करण्यासाठी असलेल्या एमपीडीए कायद्यातही २०१५ पासून जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे बसवले आहेत.

कागदावर एवढं सगळं आहे. न्यायालयात सिद्ध करायचं म्हणजे साठा कुणाचा, कधीचा, त्या दिवशी वस्तू यादीत होती का, हे दाखवावं लागतं. छाप्याचे फोटो छापून येतात, निकाल क्वचितच येतात. म्हणून मी शिक्षेच्या आकड्यांवर फार विसंबत नाही. माल बाजारात लवकर परत येणं जास्त कामाचं.

दर बांधले की माल गायबच होतो, असं अर्थतज्ज्ञ म्हणतात. मग कशाला बांधायचे?

त्यांचं म्हणणं असं, की भाव चढू दिला तर ज्याला गरज नाही तो कमी घेतो, आणि नफा दिसला की नवे उत्पादक येतात. हे पूर्ण चूक नाही. मास्कच्या आतला जो गाळणारा थर असतो, ते मेल्टब्लोन कापड करणारे कारखाने देशात मोजके होते. मास्कचा भाव दहा रुपयांवर अडकवला आणि कापड महागच मिळालं, तर प्रामाणिक उत्पादक हात वर करतो आणि माल उरतो तो चोरवाटेवर. सरकारलाही हे कळत असावं, कारण कापडाचा आणि सॅनिटायझरच्या अल्कोहोलचाही भाव त्याच सुमारास बांधला गेला.

पण 'चढू द्या' म्हणणाऱ्यांचं एक गृहीतक साथीत टिकत नाही. मास्क दुसऱ्यालाही वाचवतो. तो फक्त ज्याला परवडतो त्याने लावला, तर बसमध्ये शेजारी बसलेला बिनमास्कचा माणूस दोघांनाही आजारी पाडतो. इथे किंमत परवडणं ही सगळ्यांचीच गरज होते.

सॅनिटायझरचा अनुभव मला जास्त शिकवणारा वाटतो. त्याचा भाव बांधला आणि त्याच वेळी डिस्टिलऱ्यांना, साखर कारखान्यांना सॅनिटायझर करायला झटपट परवाने दिले. मळीपासून अल्कोहोल काढायची सोय महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहे. काही आठवड्यांत पाच लिटरचे कॅन स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा दिसू लागले, आणि भाव कुणी न सांगता उतरला. नुसता दर बांधून हे झालं नसतं.

जीवनावश्यक ठरली की वस्तूवरचा कर कमी होतो का?

नाही, दोन्हींचा संबंध नाही. सॅनिटायझर जीवनावश्यक आहे तर त्यावर जीएसटीची सूट हवी, असं गोव्यातल्या एका उत्पादकाने मांडून बघितलं. कर किती लागेल हे आधीच सांगणाऱ्या तिथल्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाने २०२० मध्ये १८ टक्केच लागेल असं सांगितलं. तो ५ टक्क्यांवर आला जून २०२१ मध्ये, तोही काही महिन्यांपुरता.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी 'होलसेल भावात' विकतो. घ्यावं का?

आधी परवाना विचारा, मग बिल. औषध किंवा उपकरण असेल आणि या दोन्हींना उत्तर मिळालं नाही, तर घेऊ नका. एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या रुग्णांना दिलं जाणारं रेमडेसिव्हिर इंजेक्शन याच वाटेने विकलं गेलं. १७ एप्रिलला कंपन्यांनी दर उतरवले, तेव्हा सर्वांत स्वस्त कुपी ८९९ रुपयांना आणि महागातली साडेतीन हजारांच्या आत होती. काळ्या बाजारात त्याच कुपीचे वीस-वीस हजार आणि त्याहूनही जास्त मागितले जात होते, आणि काहींनी त्या भावाने रिकाम्या कुप्यांत भलतंच भरून विकलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. माझ्या मते त्यात चूक फक्त विकणाऱ्याची नव्हती. नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन 'कुठूनही आणा' म्हणणारी जी पद्धत पडली, तिने हा बाजार उभा केला.

ऑक्सिमीटर, थर्मामीटर, रक्तदाब मोजायचं यंत्र, नेब्युलायझर आणि ग्लुकोमीटर यांच्या नफ्यावर मर्यादा आली जुलै २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट उतरल्यावर.

ऑनलाइन घेतलं तर नियम वेगळे?

नियम तेच. १ जानेवारी २०१८ पासून संकेतस्थळावरही एमआरपी दाखवावी लागते. हाती आलेल्या पाकिटावरची किंमत आणि स्क्रीनवरची किंमत ताडून बघा, आणि विक्रेत्याचं नाव टिपून ठेवा, ॲपचं नव्हे.

रेशनच्या दुकानात 'आलंच नाही' सांगतात.

दुकानाबाहेरचा साठ्याचा फलक बघा, मग अंगठा लावायच्या पॉस यंत्राची पावती मागा. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो जादा धान्य फुकट मिळत होतं. अनेकांना ते नियमित धान्यापेक्षा वेगळं आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि त्याचा फायदा घेणारे दुकानदार निघाले. नावावर धान्य उचललं गेलं आहे का, हे राज्याच्या अन्न विभागाच्या संकेतस्थळावर शिधापत्रिकेच्या नंबराने कळतं.

आम्ही अमेरिकेत असतो. इथे असं काही आहे का?

आहे, आणि ते आपल्याकडच्यापेक्षा उलट्या बाजूने चालतं. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत आणीबाणी जाहीर झाली की तिच्या आधीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढवणं बेकायदा ठरतं. खर्च खरोखर वाढला असेल तर तो दाखवावा लागतो. तिथे वस्तू यादीत घालायची वाट बघावी लागत नाही, संकट जाहीर झालं की नियम आपोआप जागा होतो. मार्च २०२० मध्ये टेनेसीतल्या दोघा भावांनी सॅनिटायझरच्या १७,७०० बाटल्या जमवल्या होत्या. ॲमेझॉनने त्यांची विक्री बंद केली, राज्याने चौकशी लावली, आणि माल दान करावा लागला. तुमच्या भागातल्या देशी दुकानात कणकेच्या पिशवीला अचानक दुप्पट भाव लागला तर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. आपल्याकडे असा नियम असावा असं मला वाटतं.

एकट्याने काही होत नाही. मिळून काय करता येईल?

महाराष्ट्रात याची जुनी सवय आहे. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या मागे बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. तिची पद्धत साधी : आजूबाजूच्या घरांचा एक गट, महिन्याची यादी आधी, खरेदी घाऊक, वाटप आपणच करायचं. मागणी आधी कळलेली असल्यामुळे त्या व्यवस्थेत घाबरून झुंबड उडायला जागा कमी राहते. लॉकडाउनमध्ये पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी शेतकरी गटांकडून थेट भाजीच्या पेट्या मागवल्या, तेही याच वळणाचं. बहुतेक ठिकाणी साथ गेल्यावर ते बंद पडलं, कारण वाटप करायला माणूस मिळेना. सुरू करायचं असेल तर आधी तो माणूस शोधा.

मग घरात किती ठेवावं?

किराणा दोन-तीन आठवड्यांचा, तोही एकदम न भरता दर खेपेला थोडा वाढवत. रोजची औषधं महिनाभराची, चिठ्ठीसकट. लहान मूल असेल तर त्याचं दूध पावडरीचं असल्यास एक डबा जास्त. साबण भरपूर ठेवा, तो खराब होत नाही आणि हात धुवायला सॅनिटायझरपेक्षा चांगलाच आहे. सॅनिटायझर हवंच असेल तर लहान बाटल्या घ्या आणि मुदत बघा. पाच लिटरचा कॅन घरात असेल तर तो गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब ठेवा, कारण त्यात बहुतांश अल्कोहोलच असतं आणि ते पेट घेतं.